जुन्या युफोर्बियाची नवी रोपं – कोथरूडच्या गच्चीवरच्या नोंदी

८ फेब्रुवारी

काल सोसायटीची मीटिंग झाली, डिसेंबरअखेर सगळ्यांनी फ्लॅट रिकामे करायचे असं ठरलं. रीडेव्हलपमेंटचं बोलणं बरीच वर्षं चालूच होतं त्यामुळे धक्का वगैरे काही नाही, पण खाली उतरताना जिन्याशेजारचं युफोर्बिया दिसलं आणि वाटलं अरे ह्याचं काय होणार. आंबा आणि नारळाचा विचार होईल, झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, त्यावर मीटिंगमध्ये चांगली तासभर चर्चा झाली. झुडपाला कुठली परवानगी, ते पहिल्याच दिवशी जेसीबीखाली जाणार.

हे युफोर्बिया मिली, नर्सरीवाले नुसतं युफोर्बिया म्हणतात, कोणी क्राऊन ऑफ थॉर्न्स म्हणतं. छातीपर्यंत उंच झालंय, खाली नुसत्या करड्या काटेरी काड्या आणि टोकाला पानांचे झुपके, लाल फुलं जवळजवळ बाराही महिने. तळमजल्यावरच्या काकूंनी बिल्डिंग नवीन असताना माहेराहून, सोलापूरहून, एक काडी आणून लावली होती. त्यानंतर त्याला कोणी मुद्दाम खत घातलेलं किंवा औषध मारलेलं कोणालाच आठवत नाही.

तर ठरवलंय. पावसाळ्याच्या बऱ्याच आधी ह्याच्या कटिंग्ज करायच्या, दिवाळीपर्यंत ज्याला हवं त्या प्रत्येक घरासाठी एक रोप तयार करायचं, आणि मूळ झुडूपही जमलं तर मुळासकट हलवायचं. नोंदी ठेवतेय म्हणजे पुढे कोणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

१२ फेब्रुवारी

आज सकाळपासून ते झाड जिथे आहे ती जागा नीट बघितली. माझ्या मते सगळी माहिती त्या जागेतच आहे. भिंत पश्चिमेची, म्हणजे दुपारी बारानंतर संध्याकाळपर्यंत सणसणीत ऊन आणि भिंतीची धग वेगळी. वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीचा छज्जा आहे त्यामुळे पाऊस थेट पडत नाही, तिरका आला तरच भिजतं. आणि माती! थोडं उकरून बघितलं तर माती कमीच, विटांचे तुकडे, वाळू, मुरूम, बांधकामाच्या वेळी उरलेलं सगळं तिथेच लोटलेलं असणार. कंपाउंडच्या दुसऱ्या बाजूला आपली नेहमीची काळी माती आहे, पावसाळ्यात ती आठवडा आठवडा चिकट ओली राहते, तिथे कोणीतरी ह्याचीच काडी लावली होती ती दुसऱ्या पावसाळ्यात कुजली असं काकू म्हणाल्या. म्हणजे सूत्र एवढंच, पाणी आलं तर झरकन निघून गेलं पाहिजे आणि ऊन भरपूर पाहिजे. गच्चीवर मला ह्याच जागेची नक्कल करायची आहे.

हे मूळचं मादागास्करचं झाड. रियुनियन बेटाचा गव्हर्नर मिलियस होता त्याच्यामुळे ते १८२१ मध्ये फ्रान्सला पोचलं आणि १८२६ मध्ये त्याच्याच नावावरून मिली हे शास्त्रीय नाव पडलं. कॅक्टससारखं दिसत असलं तरी कॅक्टस नाही, हे एरंडाच्या कुळातलं. ख्रिसमसला मिळणारं पॉइन्सेटिया, रबराचं झाड, ज्याच्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तो कसावा, हे सगळे त्याचे नातेवाईक. आपल्याकडचे थोर आणि शेर तर अगदी जवळचे, तेही युफोर्बियाच. फड्या निवडुंग मात्र अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस.

मुलगी अकरावीला आहे, तिच्या बायोलॉजीत सायथियम, म्हणजे ह्या युफोर्बियांची एका फुलासारखी दिसणारी फुलांची खास रचना, आहे. भिंग घेऊन दोघी खाली बसलो. लाल दिसतात त्या पाकळ्या नाहीतच, रंगीत पानांची जोडी आहे, आणि खरी फुलं मध्ये त्या चिमुकल्या पिवळसर वाटीत. नरफूल म्हणजे एकच पुंकेसर, बाकी काही नाही. पुस्तकातली आकृती तिने पाठ केली होती, पण समोर बघितल्यावर म्हणाली आई हे असं असतं होय! मला फार बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

ग्रुपवर विचारलं कोणाकोणाला रोप हवंय. बरेच हात वर आले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी घरी येऊन सांगितलं की वास्तूत काटेरी आणि चिकाचं झाड नको, सासूबाईंना चालणार नाही. मी म्हटलं वहिनी गुलाबाला काय काटे नसतात का, आणि आपल्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहे की, मूर्ती निवडुंगात सापडली अशी आख्यायिका, तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला तिथेच असते. थायलंडमध्ये तर ह्याच युफोर्बियाला पोय सियन म्हणतात, चिनी आठ सिद्धपुरुषांवरून, एका गुच्छात आठ फुलं आली की घरात भाग्य येतं असं तिथले लोक मानतात. नर्सरीत हल्ली मोठ्या फुलांची गुलाबी, पिवळट, दोन रंगांची दिसतात ती बहुतेक तिथल्याच संकरातली. वहिनी हसल्या, म्हणाल्या सासूबाईंना विचारून सांगते.

त्यांच्या बोलण्यातला चिकाचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे आणि तो मी ग्रुपवर स्पष्ट लिहिला. ह्याचा पांढरा चीक त्वचेला लागला तर आग होते, पुरळ येऊ शकतं, पोटात गेला तर त्रास होतो, कुत्र्यामांजरांनाही. डोळ्यात गेला तर प्रकरण गंभीर होऊ शकतं, लगेच वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, घरगुती उपाय नाहीत. ज्यांच्याकडे रांगणारी मुलं आहेत त्यांनी रोप घ्यायचं तर ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला किंवा उंच स्टँडवर. एका घराने त्यावरून नाव मागे घेतलं, मला ते योग्यच वाटलं.

७ मार्च

तयारी. बोहरी आळीतून वेल्डिंगवाले वापरतात ते चामड्याचे हातमोजे आणले, रबरी मोज्यातून हा काटा आरपार जातो. काटे चांगले दोन अडीच सेंटीमीटर आहेत आणि काडीवर सगळीकडून, पकडायला मोकळी जागाच नाही. कटिंग धरायला पापड भाजायचा जुना चिमटा काढून ठेवलाय, तो आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. मुलीच्या लॅबचा गॉगल डोळ्यांना.

मिश्रण: विटांचा चुरा चाळून घेतला, धुळीसारखा बारीक भाग टाकून दिला कारण तो बसला की सिमेंटसारखं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवले. त्यात तेवढीच जाड वाळू आणि थोडंसं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कटिंगला खत अजिबात नाही, मुळंच नाहीत तर खत खाणार कोण, उलट कुजायला निमित्त. डबे म्हणजे श्रीखंडाचे, अर्धा किलोवाले, अख्ख्या बिल्डिंगने दिले. सळई तापवून प्रत्येकाच्या बुडाला पाच सहा भोकं पाडली, आणि बुडापासून बोटभर वर कडेलाही दोन, कारण डबा सपाट फरशीवर बसला की खालची भोकं बंद होतात.

१४ मार्च

कटिंग डे. सकाळी ऊन यायच्या आत सुरू केलं. टोकाची, हिरवट करड्या रंगाची, वीतभरापेक्षा थोडी कमी लांबीची काडी घ्यायची. फार जुनं लाकूड झालेली काडी उशिरा मुळं धरते आणि अगदी कोवळी हिरवी सुकून जाते, मधली बरोबर. कात्री स्पिरिटने पुसून, एका फटक्यात काप. चीक लगेच वाहायला लागतो, कापलेलं टोक गार पाण्याच्या बादलीत बुडवलं की थोड्या वेळात थांबतो, आणि मूळ झाडावर जिथे कापलंय तिथेही पाण्याचा स्प्रे मारला. खालची पानं आणि सगळी फुलं काढून टाकली. फुलं काढताना माझ्या शेजारी उभ्या काकू चुकचुकल्या, पण फुलं ठेवली तर काडी सगळी ताकद त्यांच्यावर घालवते.

कटिंग्ज आता गॅलरीत सावलीत वर्तमानपत्रावर पसरल्यात, आडव्या. आठवडाभर अशाच ठेवायच्या, कापलेल्या जागी कोरडी खपली धरेपर्यंत. ओल्या जखमेसकट लावली तर बुरशी आत शिरते, बाकी काही नाही केलं तरी चालेल पण हे वाळवणं सोडायचं नाही.

२२ मार्च

लावल्या. खपल्या छान टणक झाल्यात. दोन पेरं आत जातील एवढ्याच खोल, जास्त नाही, हलू नये म्हणून बांबूच्या काडीला सैल बांधल्या. मिश्रण लावताना जेमतेम दमट होतं, वरून पाणी घातलं नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला ठेवल्यात, सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी टाकीची सावली. मुळं नसताना पुण्याचं एप्रिलचं दुपारचं ऊन झेपणार नाही.

१० एप्रिल

चाळीसच्या आसपास तापमान. पानं बऱ्याच जणांनी टाकली. ग्रुपवर तीन जणांनी मेली का विचारलं. मेली नाहीत, पाणी कमी आहे तर पानं टाकायची आणि जाड खोडातल्या साठ्यावर राहायचं ही ह्याची पद्धतच आहे. काडी बोटाला टणक लागतेय ना, मग काळजी नाही. मऊ लागली, खालून काळपट झाली तर गेली.

पाणी आठवड्यातून एकदा, डब्याच्या कडेने, सकाळी.

२६ एप्रिल

नवी पानं! बहुतेक सगळ्यांच्या टोकाला नखाएवढी, ताजी हिरवी. एक हलकेच ओढून बघितली, घट्ट आहे, म्हणजे मुळं धरलीत. पानं नेहमी टोकालाच येणार, खालच्या भागातून गळलेली तिथे परत येत नाहीत, म्हणून ही झाडं वयाबरोबर खालून उघडी होतात. दाट हवं असेल तर टोक छाटायचं, खालून दोन तीन फांद्या फुटतात. ही लगेच छाटणार नाही, आधी मुळं भरू देत.

टाकीजवळच्या काही डब्यांवर पिठ्या ढेकूण दिसला, पानाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा. उन्हाळ्यात ही कीड येतेच. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक ठिपका पुसला, काट्यांमुळे वेळ लागतो, मग संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला पाच मिली, दोन थेंब भांड्याचा साबण टाकून, हलवून हलवून फवारलं. भर उन्हात तेल मारायचं नाही, पानं करपतात. मुंग्यांची रांग होती ती पण बघितली, मुंग्या ह्या किडीला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, तर टाकीच्या बुडाचं वारूळ शोधून बंद केलं.

१८ मे

परवा वळवाचा पाऊस झाला, गारा, वारा, अर्धा तास नुसता धिंगाणा. ह्याने काही होत नाही, लगेच ऊन पडलं आणि डबे दुसऱ्या दिवशी कोरडे.

आम्ही आठवडाभर कोकणात होतो तेव्हाची गोष्ट जरा वेगळी. पहिल्या मजल्यावरचे आजोबा रोज संध्याकाळी गच्चीवर फिरायला येतात, त्यांना ती तहानलेली वाटली आणि ते रोज मगाने पाणी घालत राहिले. अतिशय प्रेमाने. काही कटिंग्ज बुडापासून मऊ पडल्या. त्यातल्या ज्यांचा वरचा भाग टणक होता त्या निरोगी भागापर्यंत वर कापत गेले, आतला भाग पूर्ण पांढरट हिरवा दिसेपर्यंत, तपकिरी वर्तुळ राहिलं तर कुज आत आहे असं समजायचं. परत वाळवायला ठेवल्यात. आजोबांना काही बोलले नाही, त्याऐवजी त्यांना एक लाकडी आईस्क्रीमची काडी दिली आणि सांगितलं की ही आत खुपसून बाहेर काढायची, माती चिकटली तर आज पाणी नाही. आता रोज तेच चेक करतात आणि मला खाली येऊन रिपोर्ट देतात, काम चोख आहे त्यांचं.

७ जून

पाऊस तोंडावर आहे, मोठ्या कुंड्यांत बदललं. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मातीच्या सहा इंची कुंड्या आणल्या. प्लॅस्टिक हलकं आणि स्वस्त पण माती भिंतीतून श्वास घेते आणि लवकर सुकते, पावसाळ्यासाठी मी तरी मातीचीच घेईन. आता मिश्रणात लाल माती दोन वाट्या, वीट तुकडा दोन, वाळू एक, गांडूळखत अर्धी, मूठभर निंबोळी पेंड. बुडाला खापराचा तुकडा भोकावर उलटा.

आणि मुख्य म्हणजे छज्जा. गच्चीवर जिन्याच्या खोलीचा पत्रा पुढे आलेला आहे, त्याला पॉलीकार्बोनेटची पारदर्शक शीट जोडून पुढे वाढवली, कुंड्या त्याखाली विटांवर. ऊन येतं, पाऊस नाही. वारा तिन्ही बाजूंनी मोकळा ठेवलाय, प्लॅस्टिकने पूर्ण बंद केलं तर आत दमटपणा साचून बुरशी होते.

२० जुलै

पंधरा दिवस सूर्य नीट दिसलेला नाही. पाणी जवळजवळ बंद, हवेतच एवढा ओलावा आहे. काही पानांवर तपकिरी डाग आले ती पानं काढून कचऱ्यात टाकली, कुंडीत पडू दिली नाहीत. गळलेली फुलं पानं कुंडीत कुजायला लागली की तिथूनच राखाडी बुरशी चढते. बुरशीनाशक मारलं नाही, कुंड्यांमध्ये अंतर वाढवलं.

गोगलगायी गच्चीवर सगळीकडे आहेत, पुदिना संपवला, युफोर्बियाला शिवल्या नाहीत. नंतर वाचलं की ह्याच्या चिकाने गोगलगायी मरतात, ब्राझीलमध्ये रोग पसरवणाऱ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर ह्याचा अभ्यास झालाय. म्हणून ह्याची कात्री, बादली फिश टँकच्या आसपासही धुवायची नाही.

१४ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत नोंद राहिली. ऊन परत आलंय, रोपं एकदम उठली. आता महिन्यातून एकदा अगदी पातळ खत, नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं. नत्र जास्त झालं की नुसती लांब काडी आणि मोठी पानं.

९ ऑक्टोबर

पहिली कळी. ऑक्टोबर हीटमध्ये, दिवसभर उन्हात असलेल्या कुंडीला. एकाच काडीचे तुकडे, एकच माती, तरी जिन्याच्या सावलीतल्या रांगेला अजून एकही नाही, म्हणून आजपासून रांगा आलटून पालटून. ज्यांना नवीन घरी फक्त उत्तरेची गॅलरी मिळतेय त्यांना मी स्वच्छ सांगणार आहे की झाड जगेल पण फुलं फारशी येणार नाहीत.

२५ ऑक्टोबर

आज मूळ झुडूप काढलं. जमीन अजून खणता येण्याइतकी मऊ आणि हवा कोरडी, हीच वेळ. आधी एक तृतीयांश छाटलं, त्याच्या चांगल्या काड्या परत वाळवायला. मग उरलेल्याभोवती दोन पोती गुंडाळून सुतळीने आवळलं, म्हणजे हात लावता येतो. माळीदादांनी लांबून गोल खणत आणलं, मुळं फार खोल नव्हती, विटांच्या तुकड्यांत पसरलेली होती, तुटली ती थोडीच. आत मऊ काळं काही नाही, इतक्या वर्षांनी! तीन दिवस सावलीत ठेवून मग सोळा इंची कुंडीत, त्याच जागेच्या राडारोड्यासकट, आणि आठवडाभर पाणी नाही.

काकूंना कर्वेनगरला भाड्याचं घर मिळालंय, पश्चिमेची टेरेस आहे आणि वर छपराचा अर्धा भाग. मी जाऊन बघून आले, ह्या झाडाला याहून बरी जागा मिळाली नसती. काकू दिवसभर खालीच खुर्ची टाकून बसल्या होत्या, शेवटी म्हणाल्या, "अगं, एवढं सगळं करशील असं वाटलं नव्हतं गं." मला काही बोलता आलं नाही.

१५ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर वाटप झालं. वहिनींच्या सासूबाई स्वतः आल्या, फूल असलेली कुंडी निवडून घेतली आणि दारात नाही पण मागच्या गॅलरीत ठेवणार म्हणाल्या. प्रत्येक कुंडीबरोबर एक कागद दिलाय: रोज पाच सहा तास ऊन, आईस्क्रीमची काडी कोरडी निघाली तरच पाणी, थंडीत दहा बारा दिवसांनी, पावसाळ्यात छपराखाली, कापायचं तर हातमोजे आणि चष्मा, लहान मुलं आणि जनावरांपासून लांब. पुण्याची थंडी ह्याला मारत नाही पण डिसेंबर जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तर थोडी पानं गळतील, तेव्हा पाणी वाढवायचं नाही.

आजोबांनी दोन नेल्या.

२९ नोव्हेंबर

मूळ झुडपाला छाटलेल्या टोकांजवळ हिरवे ठिपके दिसतायत, काकूंनी फोटो पाठवला. परवाच्या टेम्पोत ते कर्वेनगरला गेलं.

आज आर्किटेक्टबरोबर सोसायटीची बैठक होती. नवीन बिल्डिंगमध्ये खाली पार्किंग, कंपाउंडला उघडी जमीन फारच थोडी, पोडियमच्या, म्हणजे पार्किंगवरच्या सपाट मजल्याच्या, कडेने झाडांसाठी काँक्रीटचे प्लांटर दाखवलेत. ड्रॉइंगमध्ये त्यांना पाणी बाहेर जायची वाट कुठे आहे ते विचारलं, दाखवलेली नव्हती. प्रत्येक प्लांटरला बुडाशी दोन इंची पाइप आणि पश्चिमेच्या बाजूला वर छज्जा, असं लेखी दिलंय आणि इतिवृत्तात घ्यायला लावलंय. छाटणीतल्या काड्यांना खपली धरलीय, पण थंडीत मुळं हळू धरतात, त्यामुळे त्या कोरड्या वाळूत नुसत्या उभ्या ठेवल्यात आणि फेब्रुवारीत नव्या भाड्याच्या घरी लावणार, श्रीखंडाचे डबे धुऊन बांधून ठेवलेत.